इंजिन नव्याने बांधलं, तरी तेल गळतंच: एअर-कूल्ड ९११ ची हट्टी गळती

लक्षण ठरलेलं असतं. इंजिन पूर्ण उघडून, नवं गास्केट किट घालून बांधलेलं. पहिले शे-दोनशे किलोमीटर खालून कोरडं ठणठणीत. मग जमिनीवर एक थेंब दिसतो, आठवड्याभरात त्याचा बशीएवढा डाग होतो आणि हीटर उघडला की केबिनमध्ये जळक्या तेलाचा वास येतो. व्हॉल्व्ह कव्हरची गास्केटं बदलून नट थोडे जास्त आवळले की पंधरा दिवस बरे जातात. पुन्हा तोच डाग.

हे टिपण पोर्शे ९११ च्या फ्लॅट-सिक्ससाठी, म्हणजे तीन-तीन सिलिंडर दोन बाजूंना आडवे असलेल्या इंजिनासाठी आहे. १९६४ च्या २ लिटरपासून १९८९ च्या ३.२ लिटरपर्यंतची इंजिनं यात धरली आहेत. सुरुवातीची क्रँककेस, म्हणजे क्रँकशाफ्टभोवतीचं दोन अर्ध्यांचं मुख्य कवच, ॲल्युमिनियमची होती. १९६८ पासून ती मॅग्नेशियमची झाली आणि २.७ लिटर इंजिन १९७७ मध्ये थांबेपर्यंत तशीच राहिली. टर्बो आणि कॅरेरा ३.० ला ॲल्युमिनियम आधीच मिळालं होतं, १९७८ च्या ९११ एससी मॉडेलपासून ते सगळ्यांनाच मिळालं. आपली केस कुठल्या धातूची आहे हे कामाला हात लावण्याआधी माहीत हवं, कारण पुढचे बरेच निर्णय त्यावर ठरतात.

गळती परत परत येण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. तेल जिथे दिसतं तिथे दुरुस्ती होते, जिथून निघतं तिथे होत नाही. या इंजिनात तेल वरून निघून पत्र्यांच्या आतून फिरत फिरत भलत्याच ठिकाणी टपकतं. त्यातून काही जागा बाहेरून दुरुस्त होतात आणि काही केसचे दोन अर्धे वेगळे केल्याशिवाय हातालाच लागत नाहीत. शोध नीट घेतला नाही तर दोन चुका संभवतात: बाहेरची गळती समजून वर्षभर नट आवळत बसणं, नाहीतर पंधरा मिनिटांच्या कामासाठी सगळं इंजिन उघडणं. दुसरी चूक महागात पडते, पण पहिली जास्त वेळा होते.

आधी नट आवळणं थांबवा

व्हॉल्व्ह कव्हरच्या नटांना ८ न्यूटन-मीटर एवढा आवळायचा जोर (टॉर्क) पुरतो. मनगटाच्या जोरावर आवळलं तर सहज दुप्पट होतो. कव्हर दोन नटांच्या मध्ये कमानीसारखं वर उचललं जातं, नटांजवळ गास्केट चिरडतं आणि मधे सैल राहतं. जुनी मॅग्नेशियमची खालची कव्हरं याला फार बळी पडतात. ती एकदा वाकली की गास्केट कितीही चांगलं घाला, उपयोग नाही. कव्हर काचेच्या जाड तुकड्यावर पालथं ठेवा आणि कोपरे दाबून पाहा. डुगडुगलं तर ते बाद. नंतरच्या काळातली जाड फासळ्यांची ॲल्युमिनियमची कव्हरं, ज्यांना सगळे टर्बो कव्हर म्हणतात, जुन्या इंजिनांनाही बसतात आणि त्यांवरचा खर्च वाया जात नाही. नटांखालचे ॲल्युमिनियमचे वॉशर दर वेळी नवे घ्या, ते एकदाच दबतात.

केसच्या तळाशी तेलाच्या जाळीवर असलेल्या झाकणाचंही तेच. छोट्या ६ मिमीच्या स्टडना (केसमध्ये रोवलेल्या आट्यांच्या दांड्यांना) १० न्यूटन-मीटरच्या आसपास लावायचं. मॅग्नेशियममधले आटे त्यापलीकडे फार काळ साथ देत नाहीत.

गळती नसलेली गळती

शोध सुरू करण्याआधी तीन गोष्टी बाद करून टाका. नाहीतर नसलेला चोर शोधत बसाल.

पहिली म्हणजे तेलाची पातळी. हे ड्राय संप इंजिन आहे, तेल वेगळ्या टाकीत राहतं. पातळी मोजायची ती इंजिन पूर्ण तापलेलं, आयडलवर चालू आणि गाडी सपाट जागी असताना. थंड आणि बंद इंजिनावर डिपस्टिक कोरडी दिसते म्हणून लिटरभर तेल ओतलं, की गरम झाल्यावर ते टाकीच्या ब्रीदरमधून, म्हणजे वाफ-हवा सोडायच्या वाटेतून, एअर क्लीनरमध्ये जातं आणि तिथून खाली ओघळतं. एअर क्लीनरच्या डब्यात तेल साचलेलं दिसलं तर गास्केटांकडे पाहूच नका.

दुसरी गोष्ट बराच काळ उभ्या असलेल्या गाडीची. टाकीतली पातळी क्रँककेसच्या तळापेक्षा वर असते. आठवडेच्या आठवडे गाडी हलली नाही की तेल पंपाच्या फटींतून हळूहळू केसमध्ये उतरतं. एरवी ज्या जोडांना तेलाचे फक्त शिंतोडे लागतात, ते आता तेलात बुडून राहतात आणि पाझरू लागतात. सुरू केल्यावर निळा धूर आणि दोन दिवस चालवल्यावर गळती बंद, असा नमुना असेल तर कारण हे आहे. गाडी चालवणं हाच उपाय.

तिसरी गोष्ट केसमधला दाब. ब्रीदरची रबरी नळी आतून फुगून बंद झाली असेल, दुमडली असेल, किंवा पिस्टनच्या रिंगा अजून बसल्या नसतील, तर पिस्टनवरून खाली येणारा वायू केसमध्ये कोंडतो आणि मिळेल त्या सीलमधून तेल बाहेर ढकलतो. एकाच वेळी चार-पाच जागा ओल्या दिसत असतील तर आधी नळी काढून फुंकून बघा, मग लीकडाउन टेस्ट करा, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबाने हवा भरून किती टक्के निसटते ते मोजा. सहाही सिलिंडर १० टक्क्यांच्या आत असावेत. एखादा २५ टक्के दाखवत असेल आणि तेल भरायच्या तोंडाशी हवेचा फुसफुस आवाज येत असेल, तर दोष रिंगांचा आहे. सील बदलून तो झाकला जाणार नाही.

उगम शोधायची रीत

इंजिन थंड असताना डीग्रीझर मारा, ब्रशने घासा, कमी दाबाच्या पाण्याने धुवा आणि हवेने पूर्ण वाळवा. डिस्ट्रिब्युटर, अल्टरनेटर आणि इनटेकची तोंडं आधी प्लास्टिकने बांधून घ्या. शक्य असेल तेवढे खालचे पत्रे काढा. तेलात अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली चमकणारा रंग मिसळा, प्रमाण बाटलीवर दिलं असेल तेवढंच. संशयाच्या जागांवर टाल्कम पावडरचा किंवा क्रॅक तपासायच्या पांढऱ्या स्प्रेचा पातळ थर द्या.

आता इंजिन आयडलवर पाच मिनिटं चालवा, बंद करा आणि दिवा घेऊन पाहा. याच वेळी पाहणं फार महत्त्वाचं आहे, कारण फॅन एकदा जोरात फिरला की हवेचा झोत सिलिंडरांवरून खाली येताना तेलाचा तवंग सगळीकडे फासतो. काही दिसलं नाही तर पंधरा-वीस किलोमीटर चालवून पुन्हा पाहा. सगळ्यात ओली जागा शोधू नका. सगळ्यात वरची आणि हवेच्या झोताच्या उगमाकडची ओली जागा शोधा. तेल वर चढत नाही. तिच्या वर कोरडी पावडर असेल तर उगम सापडला.

डावी-उजवी बाजू ठरवताना गोंधळ होतो. गाडीच्या चालायच्या दिशेला तोंड करून, डावीकडे १, २, ३ आणि उजवीकडे ४, ५, ६. १ आणि ४ पुलीच्या बाजूला, म्हणजे गाडीच्या मागच्या टोकाला. टिपणं काढताना सिलिंडरचे नंबरच लिहा, 'मागचा', 'पुढचा' असं लिहू नका.

वरचा त्रिकोण

केसच्या माथ्यावर, फ्लायव्हीलच्या टोकाकडे तीन वस्तू जवळजवळ बसलेल्या आहेत: तेलाच्या दाबाचा स्विच, थर्मोस्टॅट आणि ब्रीदरचं झाकण. इथलं तेल केसच्या फ्लायव्हीलकडच्या भिंतीवरून उतरून बरोबर गिअरबॉक्सच्या जोडाशी टपकतं आणि सगळे म्हणतात, फ्लायव्हीलचं सील गेलं. ते सील बदलायला गिअरबॉक्स काढावा लागतो, आणि बदलल्यावरही थेंब तसाच. म्हणून फ्लायव्हीलच्या टोकाच्या कुठल्याही गळतीत आधी या त्रिकोणावर बोट फिरवा.

स्विच बऱ्याचदा आट्यांतून गळत नाही, स्वतःच्या अंगातूनच गळतो. धातूची कड आणि वरचं प्लास्टिक यांच्या जोडातून तेल येतं. वायरचं रबरी टोपण काढून उलटं करा. आत तेल साचलं असेल तर स्विच बदला, सीलंट लावून भागत नाही. थर्मोस्टॅटची ओ-रिंग उष्णतेने कडक होऊन चपटी होते. जुनी बाहेर काढली की बोटाने वाकवताच तुटते. ब्रीदरच्या झाकणाचं गास्केट गरम-थंड होऊन दबतं आणि नट सैल पडतात. तिन्ही एकदमच बदला. गाडीतच करायचं तर इंजिन थोडं खाली उतरवावं लागतं, आणि तेवढा खटाटोप तीनदा करण्यात शहाणपण नाही. ऑइल कूलरच्या बुडाच्या रिंगाही याच वेळी पाहून घ्या.

रिटर्न ट्यूब

कॅम हाउसिंगमध्ये, म्हणजे हेडांवरच्या कॅमशाफ्टच्या घरात, साचलेलं तेल चार नळ्यांतून केसमध्ये परततं, प्रत्येक बाजूला दोन. प्रत्येकीला दोन ओ-रिंगा. नळ्यांच्या अगदी खाली हीट एक्स्चेंजर असतो, त्यामुळे साध्या काळ्या नायट्राइल रबराच्या रिंगा काही वर्षांत काचेसारख्या कडक होतात. हीटरमधून येणारा जळका वास बहुतेक इथलाच, कारण केबिनची गरम हवा याच एक्स्चेंजरवरून येते. नायट्राइल साधारण १२० अंशांपर्यंत टिकतं, व्हायटॉन २०० अंशांपर्यंत. गास्केट किटमध्ये काळ्या रिंगा आल्या असतील तर त्या बाजूला ठेवून व्हायटॉनच्या घ्या.

नुकत्याच बांधलेल्या इंजिनात ही गळती दिसली तर रिंग बसवताना कापली गेली आहे असं समजा. कॅम हाउसिंग वरून दाबून बसवताना नळी तिरकी राहिली की भोकाची धार रिंगेची बारीक चकती सोलून काढते. भोकांच्या कडा आधी बारीक पॉलिश पेपरने मोडून घ्या, रिंगांना तेल लावा आणि हाउसिंग खाली येत असताना प्रत्येक नळी हाताने फिरवून बघा. सहज फिरली पाहिजे.

इंजिन न उघडता बदलायचं असेल तर दोन तुकड्यांची, लांबी कमी-जास्त होणारी नळी मिळते. जुनी नळी पकडीने चेमटवून बाहेर ओढायची, पण केसच्या भोकाला ओरखडा पडता कामा नये. एक ओरखडा पडला तरी नवी रिंग गळते. त्याआधी एक्स्चेंजर काढावे लागतात, आणि खरा ताप तिथेच आहे. एक्झॉस्टचे नट गरम न करता सोडवायला गेलात तर स्टड तुटणारच. गॅसच्या ज्योतीने नट लालसर होईपर्यंत तापवा, मगच पाना लावा. आसपास तेल आणि पेट्रोलचा मागमूस नको.

रॉकर शाफ्ट: सगळ्यात जास्त चुकणारं काम

व्हॉल्व्ह कव्हर तीनदा बदलूनही त्याच ठिकाणी ओल येत असेल तर संशय इथे घ्या. व्हॉल्व्ह दाबणारा रॉकर ज्यावर झुलतो तो छोटा शाफ्ट प्रत्येक व्हॉल्व्हला स्वतःचा असतो, एकूण १२, व्यास १८ मिमी. शाफ्ट हाउसिंगच्या दोन भिंतींत बसतो आणि त्या भोकांची बाहेरची तोंडं उघडी असतात. मधला बोल्ट आवळला की दोन्ही टोकांचे शंकू आत ओढले जाऊन शाफ्टची टोकं फुगतात आणि भोकात गच्च बसतात. तेल अडवायला तिथे गास्केट नाही, फक्त हा दाब आहे.

चूक दोन प्रकारची होते. शाफ्ट मधोमध नसेल तर एका टोकाला पकड अर्धीच मिळते. आणि भोकाला तेल लागलेलं असेल तर चालताना शाफ्ट हळूहळू सरकतो, कधीकधी भोक खाऊनही टाकतो. भोक घासून मोठं झालं की कितीही आवळा, शाफ्ट धरत नाही.

बसवायची पद्धत अशी. सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टीडीसीला (पिस्टन सर्वांत बाहेरच्या टोकाला) आणा, म्हणजे त्याचे दोन्ही रॉकर मोकळे होतील. शाफ्ट आणि भोक ब्रेक क्लीनरने पुसून पूर्ण कोरडे करा. शाफ्टच्या दोन्ही टोकांजवळ एक-एक खाच असते. रॉकर आणि हाउसिंगच्या भिंतीमधल्या फटीत फीलर गेजची (फट मोजायची) पातळ पाती धरा आणि शाफ्ट हळूहळू आत सरकवा. खाच पातीखाली आली की पाती टपकन आत पडते. बोटांना ते स्पष्ट जाणवतं. पाती काढून घ्या आणि शाफ्ट आणखी सुमारे १.५ मिमी त्याच दिशेला ढकला. आता दोन्ही खाचा भिंतींच्या आत समान गेल्या. बोल्ट १८ न्यूटन-मीटरला आवळा. आवळताना शाफ्ट फिरू लागला तर भोक अजून तेलकट आहे किंवा झिजलं आहे. काढा आणि पुन्हा पुसा.

त्याच खाचांत बसणाऱ्या बारीक रबरी रिंगा मिळतात, आरएसआर सील म्हणून ओळखल्या जातात. भोकं थोडी झिजलेली असतील तर त्या बऱ्यापैकी काम करतात. फार झिजलेल्या भोकाला मात्र हाउसिंगच दुरुस्त करावं लागतं. शाफ्ट काढले की त्यांची अदलाबदल करू नका आणि शेवटी व्हॉल्व्हची फट पुन्हा लावा: इंजिन थंड, इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्हींना ०.१० मिमी.

चेन बॉक्स आणि दोन टोकं

कॅम फिरवणाऱ्या साखळीच्या चेन बॉक्समध्ये फार नवल नाही. कागदी गास्केटं, झाकणाच्या नटांखाली ॲल्युमिनियमचे वॉशर, आणि कॅमच्या टोकाला थ्रस्ट प्लेटची ओ-रिंग. ही ओ-रिंग विसरली जाते. तिचं तेल बॉक्सच्या मागून उतरतं, त्यामुळे झाकण उगाच बदललं जातं.

पुलीच्या टोकाला तीन उगम असू शकतात. बाहेरचं गोल सील पुली काढून बदलता येतं. त्याच्या खालचं इंटरमीडिएट शाफ्टचं झाकणही बाहेरूनच होतं. तिसरा उगम म्हणजे आठव्या मेन बेअरिंगची बाहेरची ओ-रिंग, आणि ती केस उघडल्याशिवाय मिळत नाही. ओळखायचं असं: सील आणि झाकण दोन्ही नवी, आणि तरीही पावडरवर ओलीची गोल कड सीलच्या बाहेरच्या काठाला धरून येते. तेल फिरणाऱ्या भागाभोवती फेकलं गेलं असेल तर ते सीलच्या ओठातून आलंय. नुसतं खाली ओघळलं असेल तर बाहेरच्या ओ-रिंगेतून. केस बांधताना या रिंगेला पुरेसं तेल लावा आणि बेअरिंग आपल्या पिनवर नीट बसलंय ना, ते पाहा. पिन भोकात नसेल तर केस मिटत नाही, आणि बोल्टच्या जोरावर मिटवलीत तर बेअरिंगच जातं.

फ्लायव्हीलच्या सीलचा ओठ क्रँकवर जिथे घासतो तिथे कालांतराने खाच पडते. नखाला लागेल एवढी खाच असेल तर नवं सील मिलिमीटरभर आत किंवा बाहेर बसवा, म्हणजे ओठाला ताजी जागा मिळेल. सील सगळीकडून सारखंच आत गेलं पाहिजे. हातोडीने एका बाजूने ठोकलेलं सील गळतंच.

सिलिंडरचं बूड ओलं असेल तर स्टड तपासा

सिलिंडर आणि केसच्या जोडाला ०.२५ मिमीचं तांब्याचं गास्केट असतं. ते सहसा बिघडत नाही. ओल दिसली तर बहुतेक वेळा वरून दाबच गेलेला असतो, म्हणजे हेड स्टड ओढला गेला किंवा तुटला. एकूण २४ स्टड, एका सिलिंडरला चार.

कारण साध्या प्रसरणात आहे. दर अंशाला मीटरमागे पोलाद सुमारे १२ मायक्रोमीटर वाढतं, ॲल्युमिनियम २३, मॅग्नेशियम २६. इंजिन तापलं की सिलिंडर आणि हेड उंच होतात, पोलादी स्टड तेवढा लांबत नाही आणि त्याच्यावरचा ताण वाढत जातो. तो ताण शेवटी केसमधल्या आट्यांवर येतो. मऊ मॅग्नेशियम तिथे हार मानतं आणि आटे स्टडसकट वर येतात. २.७ लिटरला हे फार होतं, आणि अमेरिकेत विकलेल्या १९७५ ते १९७७ च्या बऱ्याच गाड्यांत थर्मल रिॲक्टरच्या (धूर जाळून स्वच्छ करणाऱ्या एक्झॉस्टच्या डब्याच्या) जादा धगीमुळे आणखीच. पुढे दिलावर नावाच्या जास्त प्रसरण पावणाऱ्या मिश्रधातूचे स्टड आले. आट्यांवरचा ताण कमी झाला, पण गंज लागला की ते मधूनच तुटतात, विशेषतः खालच्या बाजूचे.

तपासणी सोपी आहे. इंजिन थंड असताना व्हॉल्व्ह कव्हर काढा. तुटलेल्या स्टडचा नट कित्येकदा कव्हरमध्येच पडलेला सापडतो. नसेल तर टॉर्क रेंच २५ न्यूटन-मीटरला लावून लांब ॲलन सॉकेटने प्रत्येक नट आवळायच्या दिशेने तपासा. रेंच लगेच टकटकली तर ठीक. नट फिरतच राहिला तर तो स्टड गेला. सिलिंडर आणि हेडच्या जोडाशी काळी काजळी आणि वेग वाढवला की चिवचिवाट, हीही त्याचीच खूण. ओढल्या गेलेल्या स्टडचा नट आवळून काही होत नाही. उरलेले आटेही निघतात.

एक स्टड गेला असेल तर सगळ्या २४ जागांना धातूचे इन्सर्ट बसवून घ्या. बाहेरून १४ मिमी, आतून १० मिमी आट्यांचा इन्सर्ट जास्त मोठ्या क्षेत्रावर ताण वाटतो. भोकं केसच्या पृष्ठभागाला काटकोनात हवीत, त्यामुळे हाताच्या ड्रिलने हे करू नका, मशीन शॉपमध्ये द्या. मॅग्नेशियमचा कीस पेट घेतो. त्यावर पाणी कधीच टाकू नका, कोरडी वाळू जवळ ठेवा.

हेडचे नट ३ लिटरपर्यंतच्या इंजिनांना साधारण ३२ न्यूटन-मीटर, दोन-तीन टप्प्यांत. पण एका बाजूची तिन्ही हेडं आधी नुसती बसती करा, वर कॅम हाउसिंग ठेवा आणि मग आवळा. तिन्ही हेडं एका पातळीत आली नाहीत तर हाउसिंग पिळतं. इथे गास्केट नसतं, सीलंटचा पातळ थर असतो आणि पिळलेल्या जोडाला तो पुरत नाही. म्हणूनच एका बाजूच्या तिन्ही सिलिंडरांखाली सारख्याच जाडीची गास्केटं हवीत. प्रत्येक टप्प्यानंतर कॅम हाताने फिरवून बघा. अडखळला की थांबा. सीलंट भरमसाट लावलंत तर ते आतल्या तेलाच्या फवारनळीची छिद्रं बुजवतं आणि कॅमची नाकं झिजून जातात.

केसचा जोड आणि थ्रू-बोल्ट

इथे बाहेरून काही करता येत नाही. जोडावर बाहेरून सिलिकॉन फासणं हा निव्वळ वेळकाढूपणा आहे. आतून तेलाचा दाब, बाहेरून तेलकट पृष्ठभाग, ते आठवड्यात सुटतं.

केस उघडलीच असेल तर जोडाचे पृष्ठभाग पेट्रोलने नव्हे, असीटोनने पुसा. जुनं सीलंट प्लास्टिकच्या पातीने काढा. फिरत्या अपघर्षक चकत्या वापरू नका. त्या मऊ धातूत खड्डे पाडतात आणि त्यांची भुकटी तेलवाटांत शिरून नवी बेअरिंगं खाते. जोडाच्या पृष्ठभागावर सरळ पट्टी ठेवून ०.०५ मिमीची पाती सरकवून बघा. कुठे शिरत असेल तर केस मशीन शॉपला द्या. मॅग्नेशियमच्या केसमध्ये मेन बेअरिंगचं भोकही मोजून घ्या. मूळ ६२ मिमी, वाकडं झालं असेल तर ६२.२५ ला बोअर करून बाहेरून मोठी बेअरिंगं बसवता येतात. जी केस चालताना बेअरिंगपाशी हलते, तिचा जोड कुठलंही सीलंट धरू शकत नाही.

सीलंट लॉकटाइट ५७४ सारखं, हवा तुटल्यावर घट्ट होणारं घ्या. छोट्या रोलरने एकाच अर्ध्यावर इतकं पातळ लावा की खालचा धातू जरासा दिसला पाहिजे. बेअरिंगच्या बैठकांवर एक ठिपकासुद्धा नको. जोड मिटल्यावर हे सीलंट घट्ट व्हायला लागतं, म्हणून सगळे बोल्ट, वॉशर, ओ-रिंगा ओळीने मांडून मगच रोलर हातात घ्या. आधी सीलंटशिवाय एकदा पूर्ण जोडून बघितलेलं बरं.

थ्रू-बोल्ट केसच्या आरपार जातात आणि त्यांच्या भोकांतून तेल थेट बाहेर येऊ शकतं. प्रत्येक टोकाला एक ओ-रिंग आणि आतून उतार दिलेला वॉशर असतो. वॉशरचा उतार केसकडे, ओ-रिंग त्या उतारात. वॉशर उलटा बसला तर ओ-रिंग सपाट चिरडते आणि बाहेरून काहीच कळत नाही. रिंगेला ग्रीस लावा, बोल्टचं डोकं एका पान्याने स्थिर धरा आणि फक्त नट फिरवा. बोल्ट फिरला की डोक्याखालची रिंग पिळून फाटते. मधून कडेकडे जात, १५, २५, ३५ न्यूटन-मीटर अशा तीन टप्प्यांत. कडेचे ८ मिमीचे नट त्यानंतर, २२ ते २५ ला. त्यांतले काही चेन बॉक्सच्या पोकळीत लपलेले असतात. चेन बॉक्स बसवण्याआधी प्रत्येक आवळलेल्या नटावर रंगाचा ठिपका द्या आणि ठिपके मोजा. राहून गेलेला एक नट पुढे 'केसच गळते' या निदानापर्यंत नेतो.

तेल भरण्याआधी २४ तास थांबा.

इंजिन गाडीत बसलं की खाली मोठा पांढरा पुठ्ठा टाका. त्यावर चारही चाकांच्या कडा आणि जाळीच्या झाकणाचा गोल पेनाने आखून ठेवा, म्हणजे गाडी दर वेळी त्याच जागी उभी राहील. प्रत्येक थेंबाभोवती वर्तुळ काढून तारीख आणि किलोमीटर लिहा. १,००० किलोमीटरनंतर व्हॉल्व्ह कव्हरचे नट ८ न्यूटन-मीटरला पुन्हा तपासा आणि तो पुठ्ठा दिव्याखाली पाहा. एकाच जागेवर वाढत जाणारी वर्तुळं असतील तर पावडर आणि दिवा तिथेच न्यायचा आहे. इकडेतिकडे विखुरलेले ठिपके असतील तर ब्रीदरची नळी पुन्हा एकदा काढून फुंका.